प्लॉट घेताना टेप घेऊन जा

गोव्यात म्हापसा, फोंड्याकडे नव्या लेआउटमधला प्लॉट बघायला गेलात तर आधी रस्ता मोजा. डांबराची पट्टी नव्हे, दोन्ही बाजूंच्या हद्दीच्या दगडांमधली रुंदी. ती मंजूर नकाशाशी जुळली पाहिजे. किती बांधता येईल हे बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं. रस्ता पुढे बंद होत असेल तर कचऱ्याची गाडी वळेल का, तेही बघा. गटार कुठे उतरतं? हे शक्यतो जुलैत, पाऊस चालू असतानाच बघावं. दलाल कंटाळेल, कंटाळू दे.

कागदांत सनद, म्हणजे जमीन बिगरशेती केल्याचा सरकारी दाखला, हवीच. नगरनियोजन खात्याचा दाखला तात्पुरता आहे की अंतिम, हेही वाचा. रस्ते-गटारं पूर्ण झाल्याशिवाय अंतिम मिळत नाही. नकाशात सगळ्यांसाठी राखलेली मोकळी जागा मात्र कुणी ‘स्वस्तात’ देऊ केली तर सरळ निघून या.