कुंडीतल्या झाडांना खत घालायच्या आधी (आधी पाणी!)

गेल्या मार्चमध्ये हॉलमधला चार वर्षांचा रबर प्लांट माझ्याच हातानं गेला, म्हणून हे लिहून ठेवतोय. यंदा परत खताची वेळ आलीय आणि घरातून बजावलंय की अरेका पामला हात लावशील तर विचार करून लाव.

तर पहिली गोष्ट, मी विसरलेली हीच, माती आदल्या दिवशी साध्या पाण्यानं भिजवायची. वाळक्या मातीत खताचं पाणी ओतायचं नाही म्हणजे नाही. मी आठवडाभर गावाला जाऊन आलो होतो, माती कडक झालेली, कुंडीची कड सोडून आत गेलेली, आणि मला वाटलं तहान-भूक एकदमच भागवू. आता ही खतं म्हणजे शेवटी क्षारच की, कोरड्या मुळांना ते तीव्र पाणी लागलं की मुळांना पाणी मिळायचं राहिलं बाजूला, उलट त्यांच्यातलंच बाहेर ओढलं जातं. चार दिवसात पानांच्या कडा करपल्या, पंधरा दिवसात पानं टपाटपा खाली. म्हणून आदल्या दिवशी पाणी. फ्रिजवर चिकटवा.

खत कुठलं? ही झाडं आपण पानांसाठी ठेवतो, त्यामुळं नत्र (नायट्रोजन) पाहिजे. पाकिटावरचे तीन आकडे म्हणजे नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश), टक्क्यात. कृषी सेवा केंद्रात विरघळणारं १९:१९:१९ मागा, किलोभर घेतलं तर संपता संपत नाही. आमच्या दाजींची तासगावला द्राक्षबाग, त्यांच्याकडं ०:५२:३४ उरलेलं असतं आणि ते प्रेमानं पुडी बांधून देतात. घ्या, नाही म्हणू नका, पण घालू नका, त्यात नत्र शून्य, ते बागेत घडासाठी वापरतात. उसाचा युरिया तर लांबच, ४६ टक्के नत्र, शेतात खपून जातं, दहा इंची कुंडीत हात जरा सैल सुटला की झाड गेलं.

प्रमाण लिटरला अर्धा ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीत सपाट एक चहाचा चमचा. एवढ्यानं काय होणार असं वाटतंच आणि हात दुसऱ्या चमच्याकडं जातो, आवरा. घरात ऊन कमी, झाड खातंच कमी. महिन्यातून एकदा बास. आणि माती काल भिजवलीय ना? नसेल तर बादली बाजूला ठेवा, आज फक्त साधं पाणी, खत उद्या.

कुंडीला भोक हवं हे सांगायला नको, पण शोच्या चिनी मातीच्या कुंड्यांना बऱ्याचदा नसतंच. खालून पाणी निघेपर्यंत घालायचं आणि ताटलीत साठलेलं ओतून टाकायचं. मातीवर पांढरा थर दिसायला लागला तर समजा, आपल्या कृष्णाकाठची रानं निचरा नसल्यानं क्षारपड झाली, म्हणजे क्षार साठून नापीक झाली, तेच तुमच्या कुंडीत चाललंय. कुंडी बाथरूममध्ये न्या आणि भरपूर साधं पाणी सोडून धुवून काढा, दोन-तीन महिन्यातून एकदा.

पान पिवळं पडलं की लगेच खत, ही पण एक खोड. बहुतेक वेळा पाणीच जास्त झालेलं असतं, आधी मातीत बोट घालून बघा.

बाकीचं पटापट. गांडूळखत ओंजळभर, वर्षातून दोनदा, चालतं. शेणखत पूर्ण कुजलेलंच, नाहीतर चिलटं. शेंगपेंड भिजवायची हौस असेल तर गच्चीवर, पाहुणे आले की वास काय सांगणार? कुंडी बदलली असेल तर महिना-दीड महिना काही नाही. थंडीत बंद. आजारी झाडाला नाही. पाकीट बरणीत, घट्ट झाकण, पोरांपासून लांब.

उद्या रविवार, खत उद्या घालणार. म्हणून आत्ताच अरेकाला नुसतं पाणी घालून आलोय, दोन तांबे.