शेडच्या कोब्याच्या भेगा फायबर टाकून थांबल्या

आमच्याकडे रावेर साइडला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, त्यात गरम वारा, त्यामुळे केळी भरायच्या शेडचा कोबा ओतला की काही तासांत वरून सगळीकडे बारीक भेगा, कारण काँक्रीट घट्ट व्हायच्या आधीच वरचं पाणी उडून जातं. यंदा खराब भाग फोडून परत ओतला तेव्हा पॉलिप्रॉपिलीन फायबर टाकलं, १२ एमएमचे केसासारखे पांढरे धागे, ५० किलोच्या सिमेंट गोणीला १२५ ग्रॅम. मिक्सर फिरत असताना हाताने मोकळे करत टाकायचे, एकदम ओतले तर गुठळ्या होतात. माल जरा घट्ट वाटतो आणि मिस्तरी लगेच पाणी मागतो, पाणी अजिबात वाढवू नका, प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारं केमिकल) वापरा. ऊन उतरल्यावर ओतलं, वर ओलं गोणपाट, उन्हाळ्यात किमान १० दिवस पाणी मारायचंच. थोडे धागे वर दिसतात, वापरात घासून जातात, घाबरू नका. ह्यावेळी भेग नाही, खूप बरं वाटलं!! पण हे धागे स्लॅब-बीमच्या सळईच्या बदल्यात चालत नाहीत, कोणी कितीही सांगितलं तरी सळई कमी करू नका, आणि कोब्याला जॉइंट (भेगा आवरायला कापलेल्या सरळ खाचा) पण कापावेच लागतात.