कार्तिक: नाव सोडवायचं कसं आणि आकाशात शोधायचं कुठे

कार्तिक म्हटलं की कार्तिकस्वामी आठवतो आणि महिन्याचं नाव त्याच्यावरूनच पडलं असं बरेच जण धरून चालतात. तसं नाही. देव आणि महिना दोघांचीही नावं कृत्तिका नक्षत्रावरून आलेली आहेत. देवाचं नाव सहा कृत्तिकांनी त्याला वाढवलं म्हणून, महिन्याचं नाव त्याची पौर्णिमा त्या नक्षत्राच्या आसपास येते म्हणून.

आधी शब्द सोडवू. संस्कृतात ‘अमक्याशी संबंधित’ असा शब्द करताना पहिल्या स्वराची वृद्धी होते, म्हणजे तो स्वर ठरलेल्या पद्धतीने वाढतो. ती उलटी फिरवली की महिन्यातून नक्षत्र बाहेर येतं. ‘आर्’चा ‘ऋ’ करा: कार्तिकातून कृत्तिका, मार्गशीर्षातून मृगशीर्ष. ‘ऐ’चा ‘इ’ करा: चैत्रातून चित्रा, वैशाखातून विशाखा. ‘औ’चा ‘उ’: पौषातून पुष्य. ‘आ’चा ‘अ’: माघातून मघा. ज्येष्ठात मात्र ही खूण दिसणार नाही, कारण संस्कृतातला ‘ज्यैष्ठ’ मराठीत ‘ज्येष्ठ’ झाला. लिहिताना ‘कृतिका’ लिहू नका, त दोनदा येतो.

आता मोजणी. नक्षत्रं 27, महिने 12. भाग पूर्ण जात नाही, म्हणून एका पौर्णिमेच्या नक्षत्रापासून पुढच्या महिन्याच्या नक्षत्रापर्यंत कधी दोन घरं पुढे जावं लागतं, कधी तीन. कृत्तिका तिसरं, मृगशीर्ष पाचवं, पुष्य आठवं, मघा दहावं. एका नक्षत्राची रुंदी 13 अंश 20 कला, आणि चंद्र साधारण दिवसाला एक नक्षत्र ओलांडतो. त्यामुळे कार्तिक पौर्णिमेला चंद्र कृत्तिकेतच असेल असं नाही, तो मागच्या भरणीत किंवा पुढच्या रोहिणीतही सापडतो. 5 नोव्हेंबर 2025 ला पौर्णिमा संपली तेव्हा चंद्र भरणीत होता. 24 नोव्हेंबर 2026 ला रात्री साडेआठच्या सुमारास पौर्णिमा संपेल तेव्हा तो कृत्तिकेत असेल. पौर्णिमा आणि कृत्तिका जितका वेळ एकत्र असतात, तेवढाच वेळ कॅलेंडरवर ‘कार्तिकस्वामी दर्शन’ म्हणून छापतात. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी बायका त्याच वेळेत कार्तिकस्वामीच्या देवळात जातात. ही वेळ दरवर्षी का बदलते, एखाद्या वर्षी का जुळत नाही, याचं उत्तर या हिशेबातच आहे.

मग पौर्णिमा भरणीत गेली तरी महिना कार्तिकच कसा राहतो? कारण पंचांगकर्ते नाव ठरवताना पौर्णिमेकडे नाही, सूर्याकडे बघतात. ज्या चांद्रमासात सूर्य वृश्चिक राशीत जातो तो कार्तिक. ही संक्रांत (सूर्याचा राशीप्रवेश) सध्या 16-17 नोव्हेंबरला येते. ज्या महिन्यात एकही संक्रांत पडत नाही तो अधिक. नक्षत्रावरून नाव पडलं, पण रोजचा कारभार राशीवर चालतो, असं म्हणायला हरकत नाही.

सर्वांत जास्त घोळ होतो तो महिना सुरू कधी झाला यावरून. आपल्याकडे महिना अमावास्येला संपतो, म्हणून लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येचं आणि दिवाळी पाडवा कार्तिक शुद्ध प्रतिपदेचा. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, तिथला कार्तिक आपल्या कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशीच लागतो. हिंदी मजकुरात ‘कार्तिक अमावास्येची दिवाळी’ वाचून कुणी चुकलं असं समजू नका, आणि तो मजकूर जसाच्या तसा मराठीतही उतरवू नका. शुक्ल पक्षाचं नाव दोन्हीकडे एकच, म्हणून कार्तिकी एकादशी, तुळशीचं लग्न, त्रिपुरी पौर्णिमा यांत फरक पडत नाही. वद्य पक्षात मात्र एक महिन्याचा फरक पडतो. तिसरा कार्तिक सरकारी आहे: राष्ट्रीय दिनदर्शिकेत तो 23 ऑक्टोबरला सुरू होतो, 30 दिवसांचा असतो आणि त्याचा चंद्राशी काहीच संबंध नाही. सरकारी कागदावर ‘कार्तिक’ दिसला तर तारीख यावरून लावा, तिथीवरून नको.

जुन्या वैदिक नावांत याच महिन्याला ‘ऊर्ज’ म्हणत. इष (आश्विन) आणि ऊर्ज मिळून शरद, म्हणजे कार्तिक हा शरदाचा शेवट. कृत्तिकांची देवता अग्नी. दिवे, काकडआरती आणि दीपमाळांच्या या महिन्याला ते शोभतंही, पण दिव्यांची प्रथा त्यावरूनच आली असं ठोकून देऊ नका.

आता प्रत्यक्ष बघायचं. बहुतेक जण पौर्णिमेलाच गच्चीवर जातात आणि निराश होतात. चंद्र कृत्तिकांच्या जितका जवळ, तितक्या त्या त्याच्या उजेडात बुडतात. त्या रात्री बघायचंच असेल तर टाकीच्या किंवा भिंतीच्या कडेआड उभं राहून चंद्र झाका आणि 7×50 किंवा 10×50 ची दुर्बीण लावा. त्याहून बरी रात्र म्हणजे कार्तिक वद्य चतुर्थी. संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत थांबायचंच असतं, तो वेळ वापरा. चंद्र उगवण्याआधी, साडेसातच्या सुमारास पूर्वेला, किंचित उत्तरेकडे तोंड करा. क्षितिजापासून एक ते तीन मुठींवर (हात लांब केला की आवळलेली मूठ साधारण 10 अंश; तिथी नोव्हेंबरात जितकी उशिरा, तितका वर) द्राक्षांच्या बारक्या घडासारखा पुंजका दिसेल. तो अंगठ्याआड सहज लपतो. त्याच्या खाली दीड मुठीवर तांबूस रोहिणी, पुंजका फार खाली असेल तर ती थोड्या वेळाने उगवते. खात्री वाटत नसेल तर थांबून मृग वर येऊ द्या: त्याच्या पोटातल्या तीन ताऱ्यांची रेघ वर वाढवली की रोहिणीजवळून जात कृत्तिकांपाशी पोचते.

थेट रोखून बघितलं तर पुंजका धुरकट वाटतो. नजर जराशी बाजूला ठेवा, मग तारे सुटे होतात. शहरात चार-पाच मोजता आले तरी पुष्कळ, गावाकडच्या अंधारात सहा.