तरुण संघात ‘दुसरा गाल’ हा विषय घ्यायचा असेल तर

रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर तरुण संघ बसला की ‘उजव्या गालावर कोणी मारलं तर दुसराही पुढं कर’ या येशूच्या वचनावरचा प्रश्न कधी ना कधी येतोच. आमच्या कोल्हापुरात तर चार पोरं तालमीत जाणारी. "मग नुसता मार खायचा काय ओ काका?"

सुरुवात याच वचनापासून, म्हणजे मत्तय ५:३९ पासून करा, पण वाचायच्या आधी एका पोराला समोर उभं करा. तुमचा उजवा हात त्याच्या उजव्या गालाकडं हळूच न्या. सरळ पंजा बसत नाही, हाताची पाठच लागते. उलट्या हाताची चपराक मारणारा जीव घ्यायला उठलेला नसतो, तो पाणउतारा करत असतो. लगेच योहान १८:२३ काढा. चपराक बसल्यावर येशूनं हात उगारला नाही, पण "मला का मारतोस?" असं तोंडावर विचारलं.

मग विचारा, मार कोणाला बसतोय? माझ्या मते सगळं इथंच ठरतं. माझा गाल मी पुढं करीन, शेजाऱ्याचा कसा करू? जुन्या काळच्या मंडळीतला मोठा ख्रिस्ती विचारवंत संत ऑगस्टीन, त्यानंही साध्या माणसानं स्वतःचा जीव वाचवायला दुसऱ्याचा घेणं मान्य केलं नाही. पण इतरांच्या रक्षणासाठी, अधिकार असलेल्यानं, मनात सूड न ठेवता लढणं मान्य केलं. रोमकरांस पत्राचे १२ (सूड घेऊ नका) आणि १३ (अधिकाऱ्याच्या हाती तलवार) हे अध्याय म्हणूनच सलग वाचा.

शांतिवाद्यांची, म्हणजे कशासाठीही हिंसा नको म्हणणाऱ्यांची, बाजू लेचीपेची मांडू नका. डर्क विलेम्सची गोष्ट सांगा. नेदरलँड्स, १५६९. श्रद्धेपायी कैदेत पडलेला डर्क पळाला आणि गोठलेल्या पाण्यावरून पार झाला. पाठलाग करणारा बर्फ फुटून बुडू लागला. डर्क मागं फिरला, त्याला ओढून काढलं, आणि पकडला गेला. त्याला जिवंत जाळलं. इथं मी थोडा वेळ काहीच बोलत नाही.

नंतर बोनहोफर. शांततेचा कैवारी जर्मन पाळक, तरी हिटलरविरुद्धच्या कटात गेला. ९ एप्रिल १९४५ ला फाशी झाली. कटात जाण्याला त्यानं पुण्य म्हटलं नाही, दोष अंगावर घेतला.

एक तयारी आधीच ठेवा. एकदा चटया गुंडाळताना एक मुलगी मागं रेंगाळली. "बाबा आईला हेच वचन वाचून दाखवतात," म्हणाली. त्याच संध्याकाळी माझी बायको तिच्या आईला भेटली. मार खाणाऱ्या बाईला हे वचन आज्ञा म्हणून कधीही ऐकवू नका. बायकांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, हे हेल्पलाइन नंबर फळ्यावर लिहूनच बैठक सुरू करा.