नेट मानसशास्त्र: ग्रुपने अभ्यास करा, पण युनिटं वाटून घेऊ नका

नेटच्या (यूजीसीची सहायक प्राध्यापक पदासाठीची पात्रता परीक्षा) मानसशास्त्राचा ऑनलाइन ग्रुप जमला की पहिल्याच दिवशी ठराव होतो: युनिटं दहा, आपण पाच जण, दोन-दोन वाटून घेऊ आणि रविवारी गूगल मीटवर एकमेकांना शिकवू. हे करू नका. यात जवळजवळ सगळेच फसतात, आणि फसलोय हे निकाल लागेपर्यंत कळत नाही. म्हणून इथे जरा लांबण लागणार आहे.

होतं असं की ज्याच्या वाट्याला सांख्यिकी येते तो पंधरवडाभर त्यात मान घालून बसतो, स्लाइड करतो, उदाहरणं शोधतो. त्याचं युनिट पक्कं होतं. बाकीचे चौघं चहा पीत ऐकतात, ‘हो, बरोबर’ म्हणतात आणि पीडीएफ उतरवून ठेवतात. त्यांच्या पदरात फक्त तोंडओळख पडते. नल हायपोथिसिस म्हणजे ‘फरक नाही’ हे गृहीतक; ते खरं असताना नाकारणं ही टाइप वन एरर आणि खोटं असताना न नाकारणं ही टाइप टू, हे स्लाइडवर बघताना लख्ख कळतं. आठ दिवसांनी ‘खरी असलेली नल हायपोथिसिस नाकारली’ एवढं वाक्य पुढ्यात आलं की माउस थबकतो. अभ्यास दोन युनिटांचा, भास दहाचा.

गंमत म्हणजे याचं कारण आपल्याच अभ्यासक्रमात आहे. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडं फिरलं: आठवून लिहिणारे ५६, वाचणारे ४२. रविवारी मीट संपताना ‘आज मस्त झालं’ असं जे वाटतं ना, ते हे ८१ असतं.

मग सगळे मिळून आठवायला बसायचं का? तेही लगेच नाही. गटाने एकत्र आठवलेलं हे तेवढ्याच माणसांनी वेगवेगळं बसून लिहिलेल्या याद्यांच्या बेरजेपेक्षा कमी भरतं. वेल्डन आणि बेलिंजर यांनी १९९७ मध्ये हे दाखवलं. समोरचा बोलायला लागला की आपली आठवायची वाट मोडते. म्हणून क्रम ठरलेला: आधी एकट्याने, मग एकत्र.

झूमचा फुकट कॉल ४० मिनिटांत तुटतो, त्याबद्दल कुरकुर करू नका. तेवढाच वेळ हवा. पहिली ५ मिनिटं सगळे म्यूट, कोऱ्या कागदावर आजच्या मुद्द्याचं जे आठवेल ते. पुढची ५ मिनिटं कागद एकमेकांना दाखवून कुणाचं काय सुटलं ते बघा. मग १५ मिनिटांत १५ प्रश्न, १० मिनिटं फक्त वाद झालेल्या प्रश्नांवर, शेवटची ५ चुकांच्या शीटवर. त्या दिवसाचं युनिट पाचही जणांनी आधी वाचलेलं असलंच पाहिजे. माणसं चार किंवा पाच. बारा जणांच्या ग्रुपमध्ये तिघं खेचतात आणि नऊ जण ‘थँक्स’ टाकतात. रिंगेलमनची दोरी आठवा: ओढणारी माणसं वाढली की प्रत्येकाचा जोर कमी होतो.

प्रश्न सोडवताना उत्तर तोंडाने सांगायचं नाही. चॅटमध्ये एक अक्षर टाइप करून ठेवा, ‘एक, दोन, तीन’ झाल्यावरच एंटर दाबा. नाहीतर ग्रुपमधला हुशार ‘बी’ म्हणतो आणि पाठोपाठ चार ‘बी’ येतात. गटाचं चुकीचं उत्तर ऐकून माणूस आपलंही बदलतो का, हे बघणाऱ्या अ‍ॅशच्या प्रयोगातही उत्तर खाजगीत लिहायला दिल्यावर गटामागे जाणं बरंच घटलं होतं. आणि पहिल्यांदा बोलायचं ते चुकलेल्याने: तो पर्याय का पटला?

उदाहरणार्थ, सीटबेल्ट लावेपर्यंत गाडी टुंटुं करते, लावला की थांबते, म्हणून आपण बेल्ट लावायला लागतो. हे काय? पर्यायांतल्या ‘निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट’मधल्या ‘निगेटिव्ह’ शब्दाने दचकून निम्मे जण शिक्षा म्हणतात. वर्तन वाढलं की कमी झालं, हे आधी विचारा. वाढलं म्हणजे प्रबलन (रिइन्फोर्समेंट); नकोशी गोष्ट काढून घेतली म्हणून नकारात्मक. शीटमध्ये ‘लर्निंग कच्चं’ असं लिहून काही उपयोग नाही. ‘निगेटिव्ह दिसलं की मी शिक्षेकडे वळतो’ असं लिहा.

मराठी माध्यमातून एम.ए. केलेल्यांसाठी एक वेगळा खड्डा आहे. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, आणि हिंदी जवळची वाटते म्हणून आपण तिकडे डोकावतो. आपलं ‘अध्ययन’ म्हणजे लर्निंग. हिंदीत त्याला अधिगम म्हणतात, आणि तिथलं अध्ययन म्हणजे स्टडी. आपलं प्रबलन तिथे पुनर्बलन. संज्ञा इंग्रजीतूनच वाचा, समजून मराठीतून घ्या. इंग्रजी कच्चं आहे म्हणून घाबरू नका. लागणारे शब्द मोजके आहेत, आणि तेच तेच पुन्हा येतात.

कालक्रमाचे प्रश्न मात्र ग्रुपमध्ये फार छान होतात. प्रत्येकाने एक घटना घ्यायची आणि न बोलता चॅटमध्ये आपल्या पाळीला टाकायची: वुंटची लाइपझिगची प्रयोगशाळा (१८७९), एबिंगहाउसचं स्मृतीवरचं काम (१८८५), जेम्सचं ‘प्रिन्सिपल्स’ (१८९०), वॉटसनचा वर्तनवादी लेख (१९१३), गिरींद्रशेखर बोस यांची भारतीय मनोविश्लेषण संस्था (१९२२). कोण कुणाच्या आधी घुसलं यावरून जी हुज्जत होते, ती परीक्षेत आठवते.

टॉपरचं टाइमटेबल, ‘५०० वन-लायनर’ आणि कुठल्याशा सरांचे ‘हमखास येणारे’ प्रश्न यांवर आमचा काडीचा विश्वास नाही. विधान-कारण प्रकारात कधी कधी दोन्ही वाक्यं खरी असतात, पण दुसरं पहिल्याचं कारण नसतं. वन-लायनर तिथे तोंडावर पाडतो. मार्गदर्शक हवाच असेल तर चूक दाखवणारा शोधा, धीर देणारे ग्रुपमध्ये आहेतच.

नवीन मुद्दा पहिल्यांदा वाचताना मात्र कॅमेरा बंद, एकट्याने. मानसशास्त्रज्ञ झायन्सचं १९६५चं म्हणणं तेच: लोकांसमोर पक्कं काम सुधारतं, कच्चं बिघडतं. म्हणूनच मॉक, म्हणजे सराव परीक्षा, सगळ्यांसमोर द्या. पंधरा दिवसांतून एकदा, कॅमेरे चालू, आवाज बंद, सलग तीन तास, पेपर एकचे (सगळ्या विषयांना सारखा असलेला) ५० आणि मानसशास्त्राचे १०० प्रश्न. मध्ये सुट्टी नसते, त्यामुळे शंभराव्या प्रश्नानंतर डोकं जड होतं. ती सवय घरीच झालेली बरी. उणे गुण नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि मॉक संपल्यावर गुण लगेच ग्रुपवर टाकू नका. आधी प्रत्येकाने आपले चुकलेले दहा प्रश्न शीटमध्ये भरायचे, मग आकडे.