‘होऽऽ सर!’ ऐकून फसू नका: नव्या शिक्षणसेवकांसाठी

पाठ टाचण कसं काढायचं, उद्दिष्टं कशी लिहायची, हे तुम्ही डीएड-बीएडला शिकून आलात. त्यावर वेळ घालवत नाही. शिकवलेलं पोरांच्या डोक्यात महिनाभराने उरतं का, एवढ्यापुरतंच बोलतो. आणि पहिली गोष्ट कडक शब्दांत सांगतो: “समजलं का?” हा प्रश्न वर्गात विचारणं बंद करा. त्याला “होऽऽ सर!” याखेरीज दुसरं उत्तर नसतं.

याहून फसवा प्रकार म्हणजे शेपटीचं उत्तर. शिक्षक म्हणतो, “वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, या क्रियेला म्हणतात प्रकाशसं...” आणि चाळीस पोरं एका सुरात ओरडतात, “...श्लेषण!” वर्ग दणाणतो, आपल्यालाही हुरूप येतो. आता हिशेब करा. व्याख्या तुम्ही सांगितली. सात अक्षरांच्या शब्दातली चार अक्षरं तुम्ही दिली. शब्द फळ्यावर लिहिलेला, पुस्तक समोर उघडं, आणि दहा मिनिटांपूर्वीच कानावर पडलेला. त्यात पुढच्या बाकांवरची पाच-सहा पोरं सुरुवात करतात, बाकीची त्यांच्या ओठांकडे बघून अर्धा क्षण मागून येतात. म्हणजे आठवणीतून कोणीच काही काढलेलं नाही. दुसऱ्या दिवशी फळा पुसून, पुस्तकं मिटवून विचारा, “केळीच्या पानाचा एक भाग आठवडाभर काळ्या कागदाने झाकला तर त्या भागात काय होईल, का होईल?” वर्ग गप्प होतो. नवा शिक्षक या शांततेला घाबरतो आणि लगेच स्वतःच उत्तर सांगून टाकतो. घाबरू नका. वर्गाबद्दल मिळालेली ती पहिली खरी माहिती आहे.

सगळं येतंय असा हा भास फक्त पोरांचा नाही, मोठ्यांनाही होतो. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने न बघता आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने पारडं फिरलं: वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, आठवून लिहिणारे ५६ वर राहिले. तासिका संपताना वर्ग जो हुशार दिसतो तो या पाच मिनिटांतला असतो.

मग करायचं काय? पाटी आणा. दगडी असो की पत्र्याची, प्रत्येकासमोर एक हवी. ३५ मिनिटांच्या तासिकेतली पहिली सहा मिनिटं यालाच द्या. पुस्तकं दप्तरात, फळा कोरा. प्रश्न तीनच: एक कालचा, एक मागच्या आठवड्याचा, एक महिन्यापूर्वीचा. प्रश्न वाचल्यावर मनात पाच अंक मोजा, मगच “लिहा” म्हणा. बहुतेक शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तेवढ्यात फक्त चटपटीत पोरंच उत्तरापर्यंत पोचतात. लिहून झालं की पाटी छातीशी उलटी धरायची आणि “दाखवा” म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर करायची. चाळीसपैकी दहाहून जास्त पाट्या चुकल्या तर तो भाग पुन्हा घ्या, पण वेगळं उदाहरण देऊन. त्याहून कमी चुकल्या तर बरोबर उत्तर तिथेच सांगा आणि चुकलेल्याला स्वतःच्या हाताने दुरुस्त करू द्या. उत्तर न सांगता पुढे गेलात तर चुकीचंच उत्तर पक्कं होतं.

या पाट्यांचे गुण वहीत मांडू नका. गुण आले की पोरं शेजाऱ्याच्या पाटीवरून लिहितात आणि तुमच्या हाती पुन्हा ‘होऽऽ सर’च उरतं, फक्त खडूने लिहिलेलं. सुरुवातीचे पंधरा दिवस निकाल वाईटच दिसेल. तेवढे दिवस धीर धरा. शिकवणं बिघडलंय असं समजून नव्या धड्याकडे पळू नका.

जुने प्रश्न आयत्या वेळी आठवत नाहीत, म्हणून चपलेचा खोका घ्या आणि पुठ्ठा लावून त्यात तीन कप्पे करा. लग्नसराईनंतर गावात पत्रिकांचा ढीग असतो, त्यांची कोरी बाजू कार्डासारखी वापरा. एका कार्डावर एकच प्रश्न. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात, तो दोन-तीन दिवसांनी विचारायचा. वर्गाला आलं तर दुसऱ्या कप्प्यात, आठवड्याने. पुन्हा आलं तर तिसऱ्यात, महिन्याने. चुकलं की सरळ पहिल्या कप्प्यात परत. धड्याला सहा-सात कार्डं पुरतात. वीस केलीत तर खोका दिवाळीआधीच बंद पडेल.

गणितात आणखी एक अडचण असते. क्षेत्रफळाच्या धड्याखालच्या उदाहरणसंग्रहात सगळी क्षेत्रफळाचीच उदाहरणं, त्यामुळे कुठली रीत लावायची हे पोराला ठरवावंच लागत नाही. परीक्षेत नेमकं तेच ठरवायचं असतं. म्हणून एकाच वावरावर तीन प्रश्न मिसळून द्या. वावर ४० मीटर लांब, २५ मीटर रुंद. भोवती तारेचे तीन पदर ओढायचे तर तार किती? परिमिती १३० मीटर, म्हणून ३९० मीटर. वावर किती चौरस मीटर? १,०००. दीड बाय दीड मीटरवर केळी लावली तर खोडं किती? एका खोडाला २.२५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४४४. अशा मिसळलेल्या सरावात पोरं जास्त चुकतात, ते चालेल. डग रोहरर आणि केली टेलर या संशोधकांच्या २००७ च्या प्रयोगात सराव करताना एकसारखी उदाहरणं सोडवणारे ८९ टक्के बरोबर होते, मिसळून सोडवणारे ६०. आठवड्याने परीक्षा झाली तेव्हा पहिले २० टक्क्यांवर, दुसरे ६३ वर.

घोकंपट्टीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांचं मला पटत नाही. पाढे पाठच हवेत. पण पाढा सुरात म्हणणारं पोर ‘सात आठे?’ विचारल्यावर सात एके सातपासून मनात चालत येतं. त्यामुळे पाढे म्हणून घ्या आणि उलटसुलट विचाराही.

आद्याक्षरांच्या युक्त्यांवर माझा फारसा भरवसा नाही. तापीला दक्षिणेकडून मिळणाऱ्या नद्या ‘पू-वा-गि-बो-पां’ अशा पाठ होतात: पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. क्रम लागतो, पण अनेर नदी कुठून येते ते यातून सांगता येत नाही. त्याऐवजी कोऱ्या कागदावर तापीची रेघ ओढायला लावा, वर सातपुडा, खाली अजिंठा-सातमाळ्याचे डोंगर, आणि नद्या आठवून काढू द्या. अनेर सातपुड्यातून उतरते हे एकदा कळलं की ती वरच्या बाजूनेच काढली जाते. मग विचारा, महाराष्ट्रातल्या गोदावरी, भीमा, कृष्णा पूर्वेकडे जातात, तापी मात्र पश्चिमेला का? दोन डोंगररांगांमधल्या खचदरीतून, म्हणजे जमीन खचून झालेल्या दरीतून, ती वाहते, हे कारण नकाशाला चिकटतं आणि दोन्ही एकमेकांना धरून राहतात. अपेक्षित प्रश्नसंचात हे मिळत नाही. ते संच वर्गाबाहेरच ठेवा.

भाषेकडे लक्ष द्या. घरी अहिराणी बोलणारं पोर ‘डोळा’च्या जागी ‘डोया’ लिहितं, ‘काळा’च्या जागी ‘काया’. ही विसराळूपणाची खूण नाही, ‘ळ’चा ‘य’ होणं हा त्या बोलीचा नियमच आहे. विज्ञानाच्या पाटीवर असं दिसलं तर उत्तर बरोबर धरा आणि शुद्धलेखन मराठीच्या तासाला घ्या. आधी अहिराणीतून, नंदुरबारमधल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी-भिलीतून, शेजाऱ्याला समजावू द्या. मग प्रमाण शब्द द्या. अर्थ आधी बसलेला असला की शब्द लवकर धरला जातो.

दसऱ्यापासून कापसाची वेचणी सुरू होते आणि पट रिकामा दिसतो. घरोघर फिरून पोरं आणावीच लागतात, पण जी महिनाभर येणारच नाहीत त्यांच्याकडे दहा कार्डं द्या, मागे उत्तर लिहून. संध्याकाळी मोठ्या बहिणीने विचारली तरी पुरे.

आणि दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिल्या दिवशी नवा धडा उघडू नका. अभ्यासक्रम मागे पडलाय असं कोणी म्हटलं तरी नाही. दोन तासिका खोक्याला द्या: तिसऱ्या कप्प्यातली पंधरा कार्डं, पाट्या, आणि जी चुकतील ती पुन्हा पहिल्या कप्प्यात.