अशक्त मुलासाठी चिनी पद्धतीने पाठ चोळणे

चिनी वैद्यकात मुलाच्या अशक्तपणाचे मूळ बहुधा प्लीहेत, म्हणजे त्या शास्त्राच्या कल्पनेप्रमाणे पचनशक्तीत, शोधले जाते. चीनच्या सोंग राजघराण्याच्या काळातील बालवैद्य च्येन यी यांचाही भर मुलांच्या कोवळ्या पचनावरच होता. वजन वाढत नसेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांकडून रक्तक्षय, जंत व क्षयरोग यांची तपासणी करून घ्यावी. पुढील उपाय त्या उपचारांच्या जोडीला आहेत, त्यांच्या जागी नाहीत.

'न्ये ची' ही पाठीची क्रिया घरी करण्याजोगी आहे. सकाळी उपाशीपोटी, उबदार खोलीत मुलाला पालथे झोपवावे आणि दोन्ही हातांच्या चिमटीत माकडहाडाजवळची त्वचा धरून, ती सुटू न देता, कण्यावरून मानेपर्यंत हळूहळू सरकत जावे. असे तीन ते पाच वेळा करतात. शेवटच्या फेऱ्यांत दर तीन चिमटींनंतर त्वचा किंचित वर उचलतात. मूल रडू लागले तर थांबावे, जबरदस्तीत काहीच हशील नाही. ताप, पुरळ किंवा जखम असताना ही क्रिया टाळावी.

आहारात तांदळाच्या पेजेत शानयाओ नावाचा कंद व कमळबीज मऊ शिजवून घालतात. तयार चूर्णे मात्र मी सुचवणार नाही, कारण मुलांच्या काही जुन्या औषधी मिश्रणांत हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचे संयुग, असते.